थुंकीचा अंगठा

वस्तू हातात आली की तो आधी अंगठा जिभेवर ठेवायचा. नुसता टेकवायचा नाही, चांगला घोळवायचा. मग तो ओला अंगठा वस्तूच्या एखाद्या कोपऱ्यावर गोल गोल घासायचा आणि खाली कुठला रंग निघतो ते डोळे बारीक करून बघायचा. पितळेचा दिवा असो, रेडिओचं बटण असो, नाहीतर कुणाच्या आजोबांचा चौकटीतला फोटो असो, थुंकी सगळ्यांना सारखीच. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ओरडलेच.

"अहो, शी! फडकं देते ना मी!"

"फडक्यान काय होता ताई?" तो शांतपणे म्हणाला. "थुकी लावल्याबगर वस्तू बोलणा नाय."

दिंडोशीला आमच्या महिला मंडळाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. वसाहतीतले लोक घरात नकोसं झालेलं सामान आणून देतात, आम्ही ते निवडून, धुऊन स्वस्तात विकतो आणि त्या पैशांवर मंडळाचा शिवणवर्ग चालतो. ऐकायला किती छान वाटतं. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर मी या कामाला हो म्हटलं. मग पहिली पिशवी उघडली. तिच्यात केसांसकट कंगवा होता, निम्मी वापरलेली मलमाची ट्यूब होती आणि कुणाची तरी दातांची कवळी होती. कवळी! आणून देणारी बाई वर म्हणाली, "कुणाच्या तरी उपयोगी पडेल." माणसं घरातला कचरा उचलतात, त्याला दान म्हणतात आणि पुण्य घेऊन घरी जातात. या दुकानात बसून मला माणसांचा जितका वीट आला तितका नोकरीच्या सगळ्या वर्षांत आला नव्हता.

तर असं जे काही कुणीच विकत घेणार नाही ते उचलायला तो दर बुधवारी मरोळहून टेम्पो घेऊन यायचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा एक भाड्याचा गाळा होता. भंगारवाल्याहून थोडा वर आणि दुकानदाराहून बराच खाली, अशी त्याची जागा. बाप कोकणातून गिरणीत आलेला, हा मुंबईतच वाढलेला, पण बोलण्यातलं मालवणी काही गेलं नव्हतं. नखांत कायमचा काळा मळ, खिशात स्क्रू आणि तंबाखूची पुडी एकत्र, आणि शर्टाचा मूळ रंग कोणता ते थुंकी लावून बघावं लागेल असा. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. त्यांना सुटे पैसे देताना आपण हाताला हात लागू देत नाही. चहा मी त्याला कागदी पेल्यातून देत असे, आणि तो रिकामा पेला उचलणंही माझ्या जिवावर यायचं.

त्याचं दुसरं पालुपद होतं "जमणा नाय". कुठलाही भाव सांगा, तो मान हलवायचा. फुकट दिलं असतं तरी एकदा "जमणा नाय" म्हणाला असता आणि मगच उचललं असतं.

म्हणूनच त्या बुधवारी मला संशय आला.

खेळण्यांची एक टोपली आम्ही दाराशी ठेवतो. हात तुटलेल्या बाहुल्या, चाकं गेलेल्या मोटारी, काय हवं ते उचला. त्या आठवड्यात एका खोक्यातून पत्र्याची एक बाई आली होती. वीतभर उंचीची, हिरवं नऊवारी नेसलेली, पुढ्यात जातं घेऊन बसलेली. पाठीत चावी. कपाळावर लाल काळपट खपली जमलेली होती, नाकापर्यंत आलेली. मला ती पाहूनच कसंतरी झालं. गंज असावा म्हणून मी तिला टोपलीत टाकली आणि हात धुऊन घेतले.

त्यानं टोपलीत हात घातला, बाई बाहेर काढली, अंगठा जिभेवर घोळवला आणि तिच्या कपाळावर घासला. एकदा, दोनदा, पुन्हा थुंकी लावून. ती खपली निघाली. खाली लख्ख कपाळ, कोरल्यासारख्या भुवया आणि किंचित खाली झुकलेले डोळे. त्यानं ती उलटी केली. आतल्या बाजूला पत्र्यावर तुपाच्या डब्याची उलटी अक्षरं तशीच होती. पूर्वी लहान कारखान्यांत रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून अशी खेळणी करायचे, हे मला नंतर कळलं.

मग त्यानं अगदी गोड आवाजात विचारलं, "ताई, ह्यो टोपलो सगळोच घेतंय. काय द्यायचे?"

मी उगाच जरा जास्त भाव सांगितला.

"जमात," तो म्हणाला.

जमात! चक्क जमेल म्हणाला! ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी बँकेच्या काउंटरवर कमी पाहिली नव्हती. मी टोपली ओढून घेतली, त्यातून ती बाई काढली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यानं डोकं खाजवलं. शेवटी हसला. दातही पाहण्यासारखे नव्हते.

"नाय ताई, तुमका फसवूक जमणा नाय," तो म्हणाला. "ही बाय लय दुर्मीळ आसा. मी इतक्या वर्षांत एकच बघितलेली, ती पण जात्याबगर. अशीच इकू नकात. मी गिऱ्हाईक आणतंय. माका माझा वाटा द्या, बास."

लबाडी पकडली गेल्यावर प्रामाणिक होणारा माणूस, असा मी त्याचा हिशेब मनात मांडला आणि त्यावर समाधानी राहिले.

त्यानंतरचे काही आठवडे मी जे पाहिलं ते कवळीपेक्षा वाईट होतं. त्या बाईचे फोटो फोनवरून फिरले आणि जुनी खेळणी जमवणाऱ्या लोकांचे निरोप यायला लागले. एकानं लिहिलं, हे तर भंगार आहे, पण माझ्या आईची आठवण म्हणून दोनशे रुपये देतो. त्याच माणसानं दुसऱ्या नावानं दसपट भाव लिहिला, तेव्हा फोन नंबर बदलायला विसरला. एकजण म्हणाला, आधी पार्सल पाठवा, आवडली तर बोलू. घाटकोपरचा एक गृहस्थ दुकानात आला, बाई हातात घेऊन मला कळू नये अशा बेतानं नखानं रंग खरवडायला लागला आणि मग म्हणाला, "रंग गेलाय हो, किंमत निम्मी." माझ्या डोळ्यांसमोर! मी त्याला दार दाखवलं. या सगळ्यांचे हात स्वच्छ होते, शर्ट इस्त्रीचे होते, आणि कुणीही कशालाही थुंकी लावत नव्हतं.

शेवटी टेम्पोवाल्यानंच मुलुंडच्या एका उंच इमारतीतले साहेब आणले. साहेबांनी खिशातून पांढरे हातमोजे काढले, सेंटचा भपकारा सोडत बाई पाहिली आणि जो आकडा सांगितला तो ऐकून आमच्या अध्यक्षीणबाईंना पाणी द्यावं लागलं. शिवणवर्गाला नवी यंत्रं येणार होती. पंखे येणार होते. दुकानाच्या पाटीवर अध्यक्षीणबाईंचं नाव येणार होतं. साहेब पुढच्या बुधवारी पैसे घेऊन येतो म्हणाले.

आणि त्या मधल्या दिवसांत आजी आल्या.

आजी आमच्याच वसाहतीत राहतात, मुलाकडे. इमारत नव्यानं बांधायला जाणार म्हणून घरं रिकामी होत होती. आजी मुलीकडे गेलेल्या असताना सुनेनं त्यांची खोकी परस्पर आमच्या दुकानात पोचवली होती. दुकानात आल्या तेव्हा तो तिथेच होता, साहेबांसाठी बाईच्या चावीला तेल घालत होता. आजींनी इकडेतिकडे काही पाहिलं नाही. सरळ टेबलापाशी आल्या आणि पत्र्याच्या बाईच्या कपाळावर बोट ठेवलं.

"हिचं कुंकू कोणी पुसलं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती खपली म्हणजे गंज नव्हता.

आजी खुर्चीवर बसल्या आणि सांगायला लागल्या, म्हणजे रागानंच सांगायला लागल्या. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत नवऱ्यानं ही बाई घेऊन दिली होती. तो म्हणायचा, "दळून दमलीस की हिला चावी देत जा." घरात चेष्टाच चालायची. नवरा गेला तेव्हा बायकांनी आजींचं कुंकू पुसलं. आजी काही बोलल्या नाहीत, तेव्हा कोण बोलत होतं? पण दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर सवयीनं बोट करंड्यात गेलं.

"बोटाला लागलं ना गं कुंकू," आजी मला म्हणाल्या. "आता ते कुठं पुसू? साडीला? भिंतीला? ही समोर बसलेली, लावलं हिला. मग रोजच लावत गेले. माझ्या कपाळावरचं पुसलं, ते पुसलं. हिच्या कपाळावरचं कोणाच्या डोळ्यांवर आलं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं उजवा हात खिशात घातला होता. मनगटापर्यंत. मी त्याला इतक्या वर्षांत कधी खिशात हात घालून उभा राहिलेला पाहिला नव्हता.

"मियां पुसलंय," तो म्हणाला. "माका गंज वाटलो."

"थुंकी लावून?" आजींनी विचारलं. त्याचा अंगठा वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होता.

आजींनी त्याला जी शिवी घातली ती मी इथे लिहीत नाही, पण मला ती त्या दिवशी अगदी योग्य वाटली.

आता कुणीही म्हणेल की बाई आजींना देऊन टाकायची. मीही तेच म्हणाले. पण अध्यक्षीणबाईंनी सभा घेतली. दिलेलं दान परत मागायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. सून घरची लक्ष्मी, तिनं दिलं म्हणजे घरानं दिलं. शिवाय साहेबांना शब्द दिलाय, मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. आजींना हवी तर आम्ही दुसरी छान बाहुली देऊ, बोलणारी. सगळ्या बायका माना डोलावत होत्या. त्यांतल्या निम्म्या वटसावित्रीला नवी साडी नेसून वडाला दोरे गुंडाळतात. मला त्या सभेत बसवेना. मी उठून मोरीवर जाऊन उगाच तोंड धुतलं.

बुधवारी साहेब आले. तोही आला. आजी दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. मला राहवलं नाही, मी साहेबांना सगळं सांगितलं. कुंकवाचं, नवऱ्याचं, सगळं. वाटलं, माणूस शिकलेला आहे, आई असेल घरी, ऐकून तरी घेईल.

साहेबांचे डोळे चमकले.

"काय स्टोरी आहे!" ते म्हणाले. "अशी स्टोरी असली की वस्तूची किंमतच वेगळी होते. असं करू, आजींचा एक व्हिडिओ घेऊ. त्यांनी हिला पुन्हा कुंकू लावायचं, कॅमेऱ्यासमोर. आणि पुसल्याचं सांगताना जरा थांबायचं, म्हणजे रडू आलं तर येऊ द्यायचं. नंतर वरून काच बसवून कुंकू तसंच ठेवता येतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांना काही देऊ ना आपण. साडी वगैरे."

मी आयुष्यात उकिरडे पाहिलेत, तुंबलेली गटारं पाहिलीत, ती कवळी मी माझ्या हातानं उचलून टाकली आहे. पण त्या सेंटच्या वासात मला जी शिसारी आली तशी कधी आली नव्हती. अध्यक्षीणबाई मात्र म्हणाल्या, "साडी मंडळातर्फे देऊ."

तेवढ्यात तो पुढे आला. त्यानं साहेबांच्या मोजे घातलेल्या हातातून बाई काढून घेतली. अंगठा जिभेवर घोळवला, साहेबांच्या तोंडासमोर अगदी, आणि बाईच्या पाठीवर दाबून घासला.

"साहेब, घेऊ नका," तो म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच मालवणी सोडून साफ मराठी बोलला. "बाई खोटी आहे. मीच बनवलीय, मरोळच्या गाळ्यात. जुन्या डब्याचा पत्रा कापून. रंग जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात ठेवली."

"काय?" साहेब म्हणाले. "आणि ती आजी?"

"ती माझीच. रडायला आणलेली. तुम्हाला स्टोरी आवडते ना."

साहेबांनी आधी त्याच्या काळ्या नखांकडे पाहिलं, मग दातांकडे, मग त्या ओल्या अंगठ्याकडे, आणि त्यांचा विश्वास बसला. तो चेहरा पाहून कुणाचाही बसला असता. माझाही बसला. साहेबांनी हातमोजे ओढून काढले, नाकाला रुमाल लावला, फोन वर करून त्याचा फोटो काढला आणि म्हणाले, "तुझी वाट लावतो बघ. या धंद्यात तुला कोणी उभं करणार नाही." जाताना बाकावरच्या आजींकडेही त्यांनी घाण पाहिल्यासारखं पाहिलं.

अध्यक्षीणबाईंनी पत्र्याच्या बाईकडे बोट केलं. "ते खेळणं आधी फेकून द्या बाहेर!" म्हणाल्या आणि साहेबांची माफी मागायला त्यांच्या मागे धावल्या.

मी त्याच्यावर तुटून पडले. लाज नाही वाटत, मंडळाला फसवलंस, त्या म्हातारीला नाटकवाली ठरवलंस, काय काय बोलले. तो टेम्पोत रिकामी पोती भरत होता. ऐकून घेतलं सगळं.

"ताई," तो म्हणाला, "म्हातारेक सांगा, बायक चावी देताना जपून. स्प्रिंग लय जुनी आसा, तुटली तर दुसरी गावणा नाय. आणि कुंकू लावचा तर आधी मेण लावा म्हणावं. कुंकू पत्रो खाता."

"जुनी? आत्ता तर म्हणालास तूच बनवलीस."

त्यानं अंगठ्याकडे पाहिलं आणि तो पाठीमागे शर्टाला पुसला. "माका बनवूक येता तर मी तुमच्याकडे कवळी उचलूक येलो असतंय?" असं म्हणून त्यानं टेम्पो सुरू केला. पेला त्यानं बाकावर ठेवला होता, चहा अर्धा तसाच होता.

मी पत्र्याची बाई आजींच्या ओटीत ठेवली. आजींनी तिथेच पदरानं तिचं कपाळ पुसलं, पुन्हा पुन्हा, थुंकीचा मागमूस राहू नये म्हणून. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हा माणूस खोटं का बोलला, त्याचा वाटा गेला, त्याचं नाव गेलं. आजींनी ऐकलं. चावी दिली. बाई खाली वाकून वर उठत जातं फिरवायला लागली, कुरकुर आवाज करत.

"पुसायच्या आधी विचारायचं होतं त्यानं," आजी म्हणाल्या. यापुढे त्या या विषयावर कधी बोलल्या नाहीत. अजूनही त्याचा उल्लेख निघाला की त्या "तो थुंकणारा मेला" असंच म्हणतात. मेण मात्र लावतात.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अध्यक्षीणबाईंनी मला फोनवर एक फोटो दाखवला, जुन्या खेळण्यांच्या लोकांत फिरत असलेला. त्यात तो होता, अंगठा तोंडापाशी, आणि खाली लिहिलं होतं, नकली माल विकणाऱ्या या इसमापासून सावधान. "बघा, कसली कसली माणसं आपण दुकानात घेत होतो," त्या म्हणाल्या. मी खरं काय ते सांगितलं. त्यांना ते सोयीचं नव्हतं, म्हणून पटलं नाही.

मी एकदा रिक्षा करून मरोळला जाऊन आले. गाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचं यंत्र धडधडत होतं. शेजारचा म्हणाला, "वो अंगूठेवाला? कोई माल ही नहीं देता था उसको. गाव गया." कुठलं गाव ते त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. इतक्या बुधवारांत मी कधी विचारलंच नव्हतं.

आता माल उचलायला दुसरा माणूस येतो. स्वच्छ आहे. रबरी मोजे घालतो, इलेक्ट्रिक काट्यावर पोतं ठेवतो, आत काय आहे ते बघतसुद्धा नाही. माझी त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही.

परवा एका पिशवीत पत्र्याचं काहीतरी निघालं. पक्षी असावा, नाहीतर मासा. स्वयंपाकघरातल्या तेलकट काळ्या थरानं पार बुजलेला. मी ओल्या फडक्यानं पुसलं, काही निघालं नाही. साबण लावला, काही नाही. दुकानात कुणी नव्हतं. मी एकदा दाराकडे पाहिलं आणि अंगठा जिभेवर ठेवला. शी! गंज, तेल आणि कुणाच्या तरी घरातल्या फोडण्या, सगळं एकदम तोंडात आलं. ओकारी दाबून मी घासलं, गोल गोल, पुन्हा थुंकी लावून.

खाली हिरवा रंग निघाला. लख्ख हिरवा. मी तो उचलून उजेडात धरला, आणि दाखवायला कुणी नव्हतं.